दोन यानं, दोन प्रकारची हवा: अपोलो–सोयुझ जोडणीचा प्रकरण अभ्यास

प्रकरण थोडक्यात

जुलै 1975 मध्ये अमेरिकेचं अपोलो आणि सोव्हिएत संघाचं सोयुझ ही यानं पृथ्वीच्या कक्षेत एकमेकांना जोडली गेली. त्या हस्तांदोलनाबद्दल, शीतयुद्धाबद्दल आणि फोटोंबद्दल भरपूर लिहून झालं आहे. इथे विषय एवढाच आहे की दोन्ही यानांतली श्वासाची हवा वेगळी होती. मधलं दार नुसतं उघडून चालणार नव्हतं. सोयुझमधली हवा सुसाटत अपोलोत शिरली असती आणि सोयुझमधल्या माणसांच्या शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे धरायला लागले असते.

ही अडचण कशी सोडवली, त्यासाठी कोणी किती माघार घेतली आणि सगळं सुरळीत पार पडल्यावर अगदी शेवटच्या काही मिनिटांत हवेनेच कसा दगा दिला, हे क्रमाने पाहू. माणसांचा उल्लेख हुद्द्याने केला आहे. त्यांची नावं जगजाहीर आहेत, पण इथे निर्णय महत्त्वाचे आहेत.

सोयीसाठी सगळे दाब मिलिमीटर पाऱ्यात दिले आहेत. समुद्रसपाटीला हवेचा दाब 760 मिमी असतो आणि त्यातला ऑक्सिजनचा वाटा म्हणजे आंशिक दाब सुमारे 160 मिमी. हे दोन आकडे लक्षात ठेवले की पुढचा हिशेब सोपा आहे.

पार्श्वभूमी

अपोलोत जवळपास शुद्ध ऑक्सिजन होता, दाब सुमारे 260 मिमी. म्हणजे पृथ्वीवरच्या दाबाच्या एक तृतीयांश. फुप्फुसांना पुरेल त्याहून थोडा जास्तच ऑक्सिजन मिळतो, नायट्रोजनची टाकी, त्याचे पाइप, दोन वायूंचं प्रमाण राखणारी यंत्रणा हे काहीच लागत नाही आणि कमी दाबामुळे यानाची भिंत हलकी ठेवता येते. मर्क्युरी आणि जेमिनी यानांपासून अमेरिकेची हीच पद्धत होती. शिवाय अपोलोचा स्पेससूट सुमारे 190 मिमी दाबावर चालायचा. 260 वरून 190 वर उतरणं शरीराला जड जात नाही, त्यामुळे चंद्रावर उतरणाऱ्यांना सूट घालण्याआधी तासन्‌तास तयारी करावी लागली नाही. ही सोय वरवर दिसत नाही, पण चंद्रमोहिमेच्या वेळापत्रकात ती फार मोलाची होती.

या सोयीची किंमतही त्यांनी मोजली होती. 27 जानेवारी 1967 ला प्रक्षेपण मंचावरच्या सरावात अपोलोच्या केबिनमध्ये आग लागली आणि तिन्ही अंतराळवीर गेले. त्या वेळी केबिनमध्ये शुद्ध ऑक्सिजन होता आणि तोही बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाबावर. त्यानंतर जमिनीवर असताना केबिनमध्ये 60 टक्के ऑक्सिजन आणि 40 टक्के नायट्रोजन भरायचं ठरलं. यान वर जाताना दाब 260 पर्यंत उतरू द्यायचा आणि कक्षेत गेल्यावर हळूहळू नायट्रोजनची जागा ऑक्सिजनने घ्यायची. 60 हा आकडा मला फार नेमका वाटतो: 260 चे 60 टक्के म्हणजे 156, जवळजवळ समुद्रसपाटीइतकाच ऑक्सिजन. यान वर पोचेपर्यंत कोणी हेल्मेट काढलं तरी तो गुदमरणार नाही. साधी हवा भरली असती तर 260 मिमीला ऑक्सिजन फक्त 55 मिमी उरला असता.

सोयुझची तऱ्हा अगदी उलटी. आत पृथ्वीसारखीच हवा, नायट्रोजन आणि ऑक्सिजन मिळून 760 मिमी. माणसाचं शरीर आणि उपकरणं जशी जमिनीवर असतात तशीच वर न्यायची, असा हा विचार. अपोलोत अतिथंड ऑक्सिजनच्या टाक्या होत्या आणि कार्बन डायऑक्साइड शोषायला लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे. सोयुझमध्ये पोटॅशियम सुपरऑक्साइड दोन्ही कामं करायचं: माणसाने सोडलेला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड घ्यायचं आणि त्या बदल्यात ऑक्सिजन द्यायचं. नायट्रोजन वापरला जात नाही, त्यामुळे एकदा भरला की झालं.

सोयुझचीही एक जखम ताजी होती. 30 जून 1971 ला परतीच्या प्रवासात यानाचे भाग सुटे होताना दाब समान करणारा व्हॉल्व्ह उघडला गेला. तो खरं तर जमिनीपासून काही किलोमीटरवर, बाहेरची हवा आत घेण्यासाठी उघडायचा होता. उघडला तो सुमारे 168 किलोमीटर उंचीवर. केबिनमधली हवा निघून गेली, तिघांच्याही अंगावर प्रेशर सूट नव्हते आणि तिघेही गेले. त्यानंतर सोयुझमध्ये तिघांऐवजी दोघेच आणि तेही सूट घालून जाऊ लागले. हा व्हॉल्व्ह लक्षात ठेवावा, कारण त्याचा अमेरिकी भाऊबंद पुढे येणार आहे.

24 मे 1972 ला मॉस्कोत दोन्ही देशांनी संयुक्त उड्डाणाच्या करारावर सह्या केल्या. एकाचं यान अडचणीत आलं तर दुसऱ्याला मदतीला जाता यावं यासाठी जोडणीची सामायिक यंत्रणा तपासायची, हा उद्देश होता. जोडणीचे तपशील एका गटाकडे, तर हवा आणि माणसांची ये-जा दुसऱ्या गटाकडे गेली.

अडचण नेमकी काय

ऑक्सिजनची अडचण नव्हती. दोन्हीकडे तो पुरेसा होता. अडचण नायट्रोजनची.

760 मिमीच्या हवेत राहणाऱ्या माणसाच्या रक्तात आणि ऊतींत सुमारे 600 मिमी दाबाइतका नायट्रोजन मुरलेला असतो. बाहेरचा एकूण दाब अचानक 260 वर आला तर हा नायट्रोजन सोडावॉटरची बाटली उघडल्यासारखा बुडबुडे होऊन बाहेर पडू बघतो. सांधे दुखणं ही सौम्य अवस्था. मेंदू किंवा मज्जारज्जूत बुडबुडे झाले तर जिवावर बेतू शकतं. पाणबुडे याला बेंड्स म्हणतात.

धोक्याचा ढोबळ अंदाज घ्यायला एक सोपा भागाकार वापरतात: शरीरातल्या नायट्रोजनचा दाब भागिले नवा एकूण दाब. सोयुझमधून थेट अपोलोत म्हणजे 600 भागिले 260, साधारण 2.3. तुलनेसाठी, नंतरच्या काळात अमेरिकेच्या स्पेस शटल यानातून सूट घालून बाहेर पडताना हा आकडा 1.65 च्या आसपास आणायचे. त्यापुढे 2.3 म्हणजे सरळ धोका.

उलट दिशेला, अपोलोतून सोयुझमध्ये जाताना, दाब वाढतो. कानाला थोडा त्रास होईल इतकंच. पण यात एक खाच आहे आणि कागदावर योजना आखताना ती सहज निसटते. सोयुझमध्ये काही तास घालवलेला अमेरिकी पाहुणा परतताना स्वतःच्या शरीरात नायट्रोजन मुरवून आलेला असतो. म्हणजे बेंड्सची भीती फक्त यजमानांना नव्हती. जेवायला थांबलेल्या पाहुण्यालाही ती होती.

विचारात घेण्याजोगे पर्याय

पहिला पर्याय: अपोलोचा दाब 760 वर न्यायचा. हा लगेच बाद होतो. अपोलोची केबिन बाहेर निर्वात असताना सुमारे 260 मिमीचा दाब पेलण्यासाठी बांधली होती आणि दाब त्याहून फार वाढला तर तो बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह त्यात होताच. भिंत बदलायची म्हणजे नवं यान बनवायचं. त्यात हे अपोलोचं शेवटचंच उड्डाण होतं. निवृत्तीला आलेल्या यानावर कोण एवढा खर्च करणार?

दुसरा: सोयुझमध्ये 260 मिमी शुद्ध ऑक्सिजन भरायचा. शरीरशास्त्राच्या दृष्टीने हा सगळ्यात स्वच्छ उपाय. पण सोयुझच्या आतलं कापड, प्लॅस्टिक, वायरींची आवरणं यांतलं काहीच शुद्ध ऑक्सिजनसाठी निवडलेलं नव्हतं. 1967 नंतर अमेरिकेने अपोलोची केबिन अक्षरशः उसवून न पेटणाऱ्या पदार्थांनी पुन्हा शिवली होती. तेच काम सोव्हिएत बाजूला पहिल्यापासून करावं लागलं असतं. शिवाय पंख्याच्या हवेवर थंड होणाऱ्या उपकरणांना विरळ हवा पुरत नाही: हवेची घनता एक तृतीयांश झाली की ती वाहून नेणारी उष्णताही त्याच मानाने घटते.

तिसरा: मध्ये एक कोठडी ठेवायची, दोन्ही यानांना जसंच्या तसं राहू द्यायचं आणि सोयुझमधून येणाऱ्याने त्या कोठडीत मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन घेत बसायचं. शरीरातला नायट्रोजन श्वासावाटे हळूहळू निघून जातो. प्रत्येक फेरीला यासाठी सुमारे दोन तास धरले होते. यानं जोडलेली राहणार जेमतेम दोन दिवस, त्यात प्रयोग, टीव्ही प्रक्षेपणं, जेवणं आणि झोप. प्रत्येक येण्याजाण्याला दोन तास म्हणजे मोहिमेचा मोठा हिस्सा एका बोळकांडीत मास्क लावून काढायचा. आणि मूळ उद्देश तर सुटकेचा होता. संकटात सापडलेल्या माणसाला दोन तास थांब म्हणून सांगणं हा सुटकेचा मार्ग म्हणावा तरी कसा?

चौथा: कोठडी ठेवायची, पण सोयुझचा दाब थोडा उतरवायचा. अपोलोइतका नाही, फक्त आकडेमोड जमेल इतका.

निर्णय

चौथा पर्याय निवडला गेला. सोयुझ प्रक्षेपणाच्या वेळी नेहमीसारखं 760 मिमीवर असेल आणि कक्षेत गेल्यावर दाब सुमारे 520 मिमीवर आणायचा, असं ठरलं. 520 हा 260 च्या बरोबर दुप्पट. समुद्रसपाटीपासून साधारण 3 किलोमीटर उंचीवरच्या डोंगरात एवढा दाब असतो.

मात्र डोंगरावर ऑक्सिजनही कमी असतो. 520 चे 21 टक्के म्हणजे 109 मिमी. चालेल, पण डोकं जड होईल. म्हणून ऑक्सिजनचा टक्का वाढवावा लागतो. समुद्रसपाटीइतका ऑक्सिजन हवा असेल तर तो 31 टक्क्यांच्या आसपास न्यावा लागतो. मग नायट्रोजन उरतो सुमारे 360 मिमी आणि भागाकार 360 भागिले 260, म्हणजे 1.4 च्या आत. ऑक्सिजन 40 टक्क्यांपर्यंत नेला तर 1.2.

या निर्णयाकडे तडजोड म्हणून पाहिलं जातं, तेव्हा दोन्ही बाजू सारख्याच वाकल्या असं वाटतं. तसं नव्हतं. हवा बदलण्याचं काम जवळजवळ सगळं सोव्हिएत बाजूने केलं; अमेरिकेने कोठडी बांधून दिली आणि ती वरही नेली. मला ही वाटणी न्याय्य वाटते, कारण ती अभिमानाच्या हिशेबाने केलेली नव्हती. ज्याच्या यानाला बदल सोसवतो त्याने तो करायचा, हा साधा निकष लावला. 760 साठी बांधलेली भिंत 520 सहज पेलते. 260 साठी बांधलेली भिंत 520 पेलत नाही.

जास्त अवघड प्रश्न टक्केवारीचा होता. ऑक्सिजन जितका जास्त, तितका बेंड्सचा धोका कमी आणि आगीचा धोका जास्त. 31 टक्क्यांवर कापूस जसा जळतो तसा 21 टक्क्यांवर जळत नाही. 40 वर तर आणखी जोमाने. दोन्ही धोके एकाच आकड्याला लोंबकळलेले असताना एकाकडे बोट दाखवून निर्णय घेता येत नाही. 520 हा आकडा म्हणूनच मोलाचा. दाब आणखी खाली नेला असता तर ऑक्सिजनचा टक्का आणखी चढवावा लागला असता.

काय केलं

कोठडीला डॉकिंग मॉड्यूल म्हणत. सुमारे 3 मीटर लांब, दीडएक मीटर व्यासाचा, दोन टनांचा नळकांडा. तो अपोलोच्या खाली, पूर्वी चांद्रयान जिथे बसायचं तिथे ठेवून वर नेला आणि कक्षेत अपोलोने वळून त्याला नाकाने बाहेर ओढलं. त्याच्यात स्वतःच्या ऑक्सिजन आणि नायट्रोजनच्या टाक्या होत्या. एका टोकाला अपोलो, दुसऱ्या टोकाला नवी सामायिक जोडणी यंत्रणा.

ये-जा अशी चालायची. दोन अमेरिकी आपल्या बाजूने मॉड्यूलमध्ये शिरणार आणि मागचं हॅच (हवाबंद दार) बंद करणार. नायट्रोजन सोडून आतला दाब सोयुझच्या दाबापर्यंत चढवायचा. गळती नाही ना हे बघायला दाबाचा काटा काही वेळ स्थिर राहतो का ते पाहायचं. हॅचमधल्या छोट्या व्हॉल्व्हने उरलासुरला फरक मिटवायचा आणि मगच सोयुझकडचं हॅच उघडायचं. परतताना क्रम उलटा. दोन टोकांची हॅच एकाच वेळी कधीही उघडी ठेवायची नाहीत, हा नियम अभेद्य. त्यामुळे दोन्ही यानांतले पाचही जण एकत्र जमणं शक्यच नव्हतं. कोणी ना कोणी बंद हॅचच्या पलीकडे असायचाच.

तालीम आधी झाली होती. डिसेंबर 1974 मध्ये दोन सोव्हिएत अंतराळवीरांनी सोयुझ 16 मधून जाऊन हीच कृती कक्षेत करून पाहिली: दाब 760 वरून 540 वर आणि ऑक्सिजन 20 वरून 40 टक्क्यांवर. एकेका फेरीचं काम दोन तासांवरून एका तासावर यावं, हा हेतू होता. उड्डाणाआधी खऱ्या यानात ही हवा तयार होते का, टिकते का, माणसं त्यात नीट काम करतात का, हे प्रत्यक्ष पाहिलं गेलं.

15 जुलै 1975 ला सोयुझ सुटलं आणि काही तासांनी अपोलो. सोयुझमध्ये दाब पहिल्याच टप्प्यात उतरवला गेला आणि जोडणी झाली 17 जुलैला. मधला हा काळ फुकट गेला नाही. केबिनचा दाब काही मिनिटांत उतरतो, पण शरीरातल्या सगळ्यात संथ ऊतींमधला नायट्रोजन निम्मा व्हायलाच कित्येक तास लागतात. दाब उतरवून लगेच हॅच उघडलं असतं तर तो 1.4 चा भागाकार कागदावरच राहिला असता, अंगात अजून 600 चाच नायट्रोजन असता. वेळापत्रकातली ती मोकळी जागा हाच खरा प्रीब्रीदिंगचा, म्हणजे शरीरातला नायट्रोजन आधीच काढून टाकण्याचा काळ होता, फक्त मास्क न लावता.

आगीच्या बाबतीत एक गोष्ट बारकाईने केली गेली. सोव्हिएत अंतराळवीर अपोलोत जाणार म्हणजे त्यांचे कपडे शुद्ध ऑक्सिजनमध्ये जाणार. त्यासाठी सोव्हिएत बाजूने ‘लोला’ नावाचं न पेटणारं कापड तयार केलं. पाहुण्याने बरोबर नेण्याची प्रत्येक वस्तू याच कसोटीवर पारखावी लागते. खिशातलं साधं कागदाचं चिटोरंही शुद्ध ऑक्सिजनमध्ये काकडा होऊ शकतं.

दोन दिवस ये-जा झाली. बेंड्सचा प्रसंग आला नाही. 21 जुलैला सोयुझ उतरलं.

परतीची शेवटची मिनिटं

24 जुलैला अपोलो परत निघालं. इथून पुढे सोयुझचा संबंध उरला नव्हता, पण हवेचा होता.

केबिनमध्ये 260 मिमी आणि जमिनीवर 760. यान जसजसं खाली येतं तसा बाहेरचा दाब वाढतो. सुमारे 24,000 फुटांवर तो 295 मिमीच्या आसपास असतो, म्हणजे आतल्यापेक्षा जास्त. आता भिंत उलट्या बाजूने दाबली जाऊ नये म्हणून बाहेरची हवा आत घ्यावीच लागते. त्यासाठी दाबाचा व्हॉल्व्ह त्या उंचीवर आपोआप उघडायचा. कमी दाबाचं यान उतरताना श्वास आत ओढतं, त्याला इलाज नाही.

म्हणून त्याआधी थ्रस्टर, म्हणजे यानाचा तोल सांभाळणारी छोटी इंजिनं, बंद झालेले असायला हवेत. त्यांच्यात मोनोमिथाइल हायड्रेझिन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड असे दोन विषारी पदार्थ वापरले जात. लँडिंग यंत्रणेचे दोन स्विच सुमारे 30,000 फुटांवर टाकले की ती थ्रस्टर बंद करायची आणि छत्र्या उघडायची. कमांडर चेकलिस्ट वाचत होता, हेडसेटमध्ये कर्कश आवाज येत होता आणि स्विच टाकले गेले नाहीत.

छत्री ठरल्या वेळी उघडली नाही म्हटल्यावर कमांड मॉड्यूल पायलटने हाताने बटण दाबून ती उघडली. यान झोके घेऊ लागलं. थ्रस्टर अजून चालूच होते आणि ते आपलं काम इमानाने करत होते: झोका थोपवण्यासाठी फुसफुसत होते. त्याच वेळी व्हॉल्व्ह उघडला. बाहेरच्या हवेबरोबर पिवळसर तपकिरी वायू केबिनमध्ये शिरला. तिघांच्याही अंगावर सूट नव्हते.

चूक लक्षात येऊन थ्रस्टर बंद केले गेले, पण वायू आत आला तो आलाच. डोळे चुरचुरायला लागले, खोकल्याची उबळ. पाण्यावर आपटल्यावर यान उलटं झालं आणि तिघे पट्ट्यांत लटकले. कमांडरने पट्टा सोडवून सीटमागचे ऑक्सिजन मास्क काढले आणि वाटले. कमांड मॉड्यूल पायलट तोवर बेशुद्ध झाला होता. मास्क तोंडावर धरून ठेवल्यावर तो शुद्धीवर आला. यान सरळ झाल्यावर व्हेंट उघडून केबिन मोकळी केली.

निष्पत्ती

जहाजावर स्वागत झालं आणि मग डॉक्टरांच्या कानावर हकीकत गेली. केबिनमध्ये शिरलेला तो वायू, म्हणजे नायट्रोजन टेट्रॉक्साइडपासून होणारा नायट्रोजन डायऑक्साइड, फुप्फुसातल्या ओलाव्यात मिसळून नायट्रिक आम्ल तयार करतो आणि सूज लगेच येत नाही. कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी येते. वरवर ठीक दिसणारा माणूस म्हणूनच घरी सोडायचा नसतो. क्ष-किरण तपासणीत फुप्फुसांवर परिणाम दिसला आणि तिघांना होनोलुलूच्या लष्करी रुग्णालयात ठेवलं. सुमारे दोन आठवड्यांत तिघेही बरे झाले.

जोडणीचा आणि हवेचा प्रयोग यशस्वी झाला. दोन वेगळ्या हवांमध्ये राहणारी माणसं एकमेकांकडे जाऊन सुखरूप परतली.

वेगळं काय करता आलं असतं

निर्णयाचे टप्पे मागे वळून पाहिले तर 520 च्या निर्णयात मला काही खोट दिसत नाही. तो सगळ्यात कमी बदलात सगळ्यात जास्त धोका कमी करणारा होता आणि त्याची आधी कक्षेत तालीम झाली होती. फार तर असं म्हणता येईल की तालमीतल्या 40 टक्के ऑक्सिजनऐवजी 31–32 वर राहूनही भागाकार सुरक्षित होता. आगीचा धोका थोडा आणखी उतरला असता.

खरी तफावत लक्ष कुठे दिलं यात आहे. दोन यानांच्या मधल्या हवेवर दोन देशांच्या गटांनी तीन वर्षं खल केला: प्रत्येक हॅच, प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक पाहुण्याचे कपडे. अपोलो आणि बाहेरचं वातावरण यांच्या मधल्या व्हॉल्व्हवर तसा खल झाला नाही, कारण तो जुना, ओळखीचा आणि पूर्वीच्या सगळ्या परतींत नीट चाललेला होता. नव्या वाटेवर आपण जपून चालतो, ठेच घरच्या उंबऱ्याला लागते.

तांत्रिक बाजूने पाहिलं तर थ्रस्टर चालू आणि व्हॉल्व्ह उघडा ही जोडी अशक्यच करून ठेवायला हवी होती. थ्रस्टर बंद होणं स्विचवर, स्विच चेकलिस्टच्या एका ओळीवर, ती ओळ ऐकू येण्यावर आणि ऐकणं गोंगाट करणाऱ्या हेडसेटवर. इतकी लांब साखळी असेल तर कधीतरी एक कडी सुटणारच. व्हॉल्व्ह दाबावर आपोआप उघडतो, मग थ्रस्टरची इंधनवाट त्याच दाबावर आपोआप का बंद होऊ नये? यावर उत्तर असं की आपोआप बंद होणारा थ्रस्टर चुकून वर, वातावरणात शिरतानाच बंद पडला तर यान भरकटेल. तोही धोका खरा आहे. तरी दोन्हींमध्ये मधला मार्ग होता: थ्रस्टर चालू असेपर्यंत पायलटच्या समोर भडक दिवा. कानावर भरवसा नसेल तेव्हा डोळ्याला काम द्यावं.

सूट घालून उतरण्याचा धडा 1971 च्या अपघातानंतर सोयुझमध्ये गिरवला गेला होता. अपोलोच्या तिघांच्या अंगावर सूट असते आणि त्यांचा ऑक्सिजन वेगळा असता तर तो वायू केबिनमध्येच राहिला असता. निदान मास्क तरी सीटमागे न ठेवता हाताशी हवे होते. उलट्या टांगलेल्या माणसाला पट्टा सोडून, छतावर पडून, मागे हात घालून मास्क शोधावा लागला, ही बाब मला सगळ्यात जास्त खटकते. बाकीच्या चुका घाईच्या होत्या. ही मांडणीची होती आणि उड्डाणाआधी कोणीही यानात बसून पाहिली असती तर दिसली असती.

दोन्ही देशांचे व्हॉल्व्ह शेजारी ठेवून पाहिले असते तर, हा प्रश्न उरतोच. सोव्हिएत व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडला आणि हवा गेली. अमेरिकी व्हॉल्व्ह अगदी बरोबर वेळी उघडला आणि विष आलं. उतरताना बाहेरचं जग आत घेणारा हा भाग दोन्ही यानांत होता आणि सोयुझमधल्या अशा व्हॉल्व्हने 1971 मध्येच तिघांचा बळी घेतला होता. परतीचा प्रवास जो तो आपापला करणार, म्हणून तो संयुक्त चर्चेच्या कक्षेबाहेर राहिला.

पुढे काय झालं

अमेरिकेने पुढच्या यानात, म्हणजे 1981 पासून उडालेल्या शटलमध्ये, पृथ्वीसारखीच 760 मिमीची हवा घेतली. 1995 मध्ये शटल रशियाच्या मीर अंतराळ स्थानकाला जोडलं गेलं तेव्हा हवेसाठी वेगळ्या कोठडीची गरज पडली नाही.

अडचण मात्र तिथून हलून सूटकडे गेली. सूट फुगला की कडक होतो, बोटं वळत नाहीत, म्हणून तो कमी दाबावरच ठेवावा लागतो: आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा अमेरिकी सूट सुमारे 220 मिमी, रशियन ओर्लान सूट सुमारे 300. म्हणजे 760 मधून बाहेर पडणाऱ्याला पुन्हा तोच नायट्रोजनचा हिशेब. शटलच्या काळात यावर उपाय निघाला तो असा: स्पेसवॉकच्या आधी केबिनचा दाब सुमारे 527 मिमीवर आणायचा, ऑक्सिजन 26.5 टक्क्यांपर्यंत वाढवायचा आणि शरीराला वेळ द्यायचा. 1975 च्या सोयुझमध्ये ठरलेला आकडा 520 होता.

चंद्रावर पुन्हा जायच्या तयारीत, जिथे रोज सूट घालून बाहेर पडायचं असेल तिथे, सुमारे 424 मिमी दाब आणि 34 टक्के ऑक्सिजन अशी हवा सुचवली गेली आहे. तिच्यात ऑक्सिजनचा आंशिक दाब 144 मिमी, म्हणजे समुद्रसपाटीपेक्षा थोडा कमी. बेंड्सचा धोका घटतो, प्रीब्रीदिंगचा वेळ वाचतो आणि आतली प्रत्येक वस्तू 34 टक्क्यांत पेटते का हे नव्याने तपासावं लागतं.